कौशल्याच्या नावाचं ताट

कौशल्याच्या पहिल्या नवमीला मी तिच्या नावाची सवाष्ण गुडगावातल्या एका मॉलमध्ये जेवायला घातली. गावाकडे हे कळलं तेव्हा थोरल्या भावानं फोनवर विचारलं, "धोंडीराम, तुझं डोकं फिरलंय का?" फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आता जसं झालं तसं लिहितो.

मी पलटणीत सुभेदार होतो. शेवटची नोकरी दिल्ली कँटोन्मेंटला झाली. पेन्शनीवर आलो तेव्हा आमच्या लेकीला, पूर्वीला, गुडगावात कॉल सेंटरमध्ये काम लागलं होतं. एकट्या पोरीला मागे ठेवून गावी कसं जायचं, म्हणून आम्हीही इथंच राहिलो. चक्करपूर गावात यादवांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. तेव्हा तिथं शेतांमधून काचेच्या इमारती उठत होत्या, आणि प्रत्येक इमारतीच्या दाराशी एक निवृत्त फौजी लागत होता. मलाही तसं काम मिळालं. सिक्युरिटी सुपरवायझर.

कौशल्या माण तालुक्यातली. दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण इथल्या जेवणाशी तिचं कधी जमलं नाही. "सगळ्यात टमाटं आणि मलई. तिखट म्हणून काही ठाऊकच नाही ह्यांना," असं म्हणायची. गावाकडून कोणी आलं की मिरचीपूड आधी मागायची, माणसांची खुशाली नंतर.

पूर्वीला पहिला पगार झाला तेव्हा तिनं आम्हाला दक्षिण दिल्लीतल्या एका मार्केटमध्ये जेवायला नेलं. जिना उतरून तळघरात जायचं हॉटेल होतं. भिंतीवर मोठ्या टोप्या टांगलेल्या. पूर्वी म्हणाली, "आई, हे मेक्सिकन. आवडलं नाही तर वर डोसा मिळतो."

वेटरनं ताट आणलं. मक्याच्या पातळ भाकऱ्या, भरडलेला राजमा, आणि एका वाटीत लाल ठेचा. कौशल्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वास घेतला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात टाकला. मग ती हसायलाच लागली.

"अगं, ही मक्याची भाकरी! आम्ही दुष्काळात खाल्ली ही. आणि हे लोक तिच्यासाठी एसी लावून बसलेत?"

"इथंही मक्याची रोटी मिळते की थंडीत," मी म्हणालो.

"मिळते. पण तिच्यावर लोण्याचा गोळा असतो. हिच्यावर मिरची आहे. ह्यांना कळतं."

त्या दिवशी तिनं माझ्या ताटातलंही खाल्लं. नंतर तापलेल्या लोखंडी ताटलीवर कोंबडी आणि ढबू मिरची चर्रर्र करत आली. आजूबाजूचे लोक बघायला लागले. कौशल्यानं पदर नाकाला लावला, ठसका लागला, तरी ताटलीवरची नजर हलवली नाही.

त्यानंतर आमचा तो नेमच झाला. पूर्वीला सुट्टी मिळाली की आम्ही तिघं तिथं जायचो. मध्ये दुसरीकडेही जाऊन पाहिलं. पण कौशल्याचा निकाल लगेच लागायचा. एका ठिकाणी म्हणाली, "हा राजमा डब्यातला आहे." दुसऱ्या ठिकाणी भाकरी मैद्याची निघाली, तर वेटरला हिंदीत म्हणाली, "भैया, ये तो रुमाल है." तो बिचारा हसला. मला खरं सांगायचं तर ह्या जेवणातलं फारसं कळत नव्हतं. मी जायचो कारण ती खाताना बघायला बरं वाटायचं. घरी ती सगळ्यांना वाढून मग कोपऱ्यात बसून जेवायची. तिथं तिला कोणाला वाढायचं नसायचं.

माघात तिला ताप आला. तो डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले. आठवडाही झाला नाही, ती गेली. माझ्याआधी, कुंकवासकट. गावाकडे ह्याला भाग्याचं मरण म्हणतात. मला आजवर त्यात भाग्य सापडलेलं नाही.

वर्षश्राद्ध गावी जाऊन केलं. मग पितृपक्ष आला. कुंकवासकट गेलेल्या बाईच्या नावानं नवमीला एक सवाष्ण जेवायला घालतात. तिला पाटावर बसवायचं, हळदकुंकू लावायचं, आणि गेलेलीच जेवायला आली आहे असं समजून वाढायचं. सवाष्ण पोटभर जेवली की ते गेलेलीला पोचतं. ती ताटावरून अर्धपोटी उठली तर गेलेली उपाशी राहते. वहिनीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "पुरण कर, वडे कर, आपल्यात कोंबडीही चालते, पण तिच्या आवडीचं पानात पडलं पाहिजे. ते पडलं नाही तर बाकी सगळं वाया."

पुरणपोळी कौशल्याला आवडत नव्हती. गोडाचं ताट ती बाजूला सारायची. तिच्या आवडीचं काय ते मला ठाऊक होतं, आणि ते नेमकं कुठं मिळतं तेही.

मी त्या तळघरातल्या हॉटेलात गेलो. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी पट्टी मारलेली आणि कुलपावर लाख. दिल्लीत तेव्हा महापालिका बेकायदा दुकानं सील करत होती. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "वो तो गए जी. पता नहीं कहाँ."

मग मी शोधायला लागलो. कामावरून सुटलो की जायचो. मॉल एकाला एक लागून झाले होते, आणि सगळ्यांच्या वरच्या मजल्यावर खाण्याची दुकानं. एका ठिकाणी मेक्सिकन म्हणून पनीरच्या रोलवर चीज ओतून दिलं. दुसरीकडे ठेच्याच्या जागी टोमॅटोचं गोड सॉस. एका पोऱ्याला मी म्हणालो, "इसमें मिर्ची नहीं है." तो म्हणाला, "सर, फॅमिली क्राउड है." कौशल्या असती तर त्याला दोन शब्द सुनावले असते. मी पैसे देऊन निघालो.

पूर्वी चिडायची. "आप्पा, श्राद्धाला मेक्सिकन टाको? कँटोन्मेंटातल्या सखुकाकूंना घरी बोलवा, वरणभात करू, संपलं."

"तुझ्या आईला आवडायचं म्हणून करायचं ना?"

"आईला आवडायचं कारण आपण तिघं जायचो."

पण मी शोधायचं सोडलं नाही. ती गेल्यापासून तिच्यासाठी करता येण्यासारखं हे एकच काम माझ्या हातात होतं.

शेवटी एका मॉलच्या मागच्या अंगाला, लिफ्टच्या वाटेवर, छोटंसं हॉटेल सापडलं. पितृपक्षामुळे मॉल रिकामा होता. इकडचे लोक त्या दिवसांत बाहेर खात नाहीत, काही नवं घेत नाहीत. मी एकटाच गिऱ्हाईक. भाकरी मागवली, राजमा मागवला. भाकरी आली ती गरम, कडेनं थोडी करपलेली, मक्याचा वास येणारी. ठेच्यातले टोमॅटो आणि मिरच्या आधी आगीवर भाजलेल्या. सालीचे काळे तुकडे दिसत होते. राजम्याला डाळीला देतात तशी लसणाची फोडणी. मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं. अजून दोन भाकऱ्या मागवल्या. ती गेल्यापासून मी पोट भरायला जेवत होतो. त्या दिवशी चवीनं जेवलो. ताट संपलं तेव्हा मला एकदम चोरी केल्यासारखं वाटलं.

तिथून एक पार्सल घरी नेऊन पाहिलं. रिक्षात बसेपर्यंत भाकरी चामड्यासारखी झाली, आणि चर्रर्र करणारी ताटली तर पार्सल होतच नाही. म्हणजे सवाष्णीला तिथंच न्यायला हवं होतं.

घरमालकीण यादवीणबाईला सहज विचारलं. ती गालाला हात लावून म्हणाली, "सराध का खाना होटल में? कौन बैठने देगा, फौजी? धंधे की जगह है." ते माझ्या मनात बसलं. नवमीचं टेबल सांगायला गेलो तेव्हा मॅनेजरनं विचारलं, "अंकल, कोई ओकेजन है?" मी म्हणालो, "घरवाली का जन्मदिन."

"वाह! नाम?"

"कौशल्या. लेकिन कुछ करना नहीं है. बस खाना अच्छा हो."

"आप फिकर न करो, अंकल."

हे मी पूर्वीलाही सांगितलं नाही.

सवाष्ण कोण, ते ठरलेलंच होतं. हणमंत माझ्याच पलटणीतला हवालदार, अजून नोकरीत, कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याची बायको सखुबाई. तिला पहिलं बाळ झालं तेव्हा कौशल्यानंच तिचं बाळंतपण केलं होतं. तेव्हापासून ती कौशल्याला अक्का म्हणायची. मी विचारलं तर एका शब्दात हो म्हणाली.

नवमीला सकाळी गच्चीवर कावळ्याला खीर आणि वडा ठेवला. दोघं आल्यावर पूर्वीनं सखुबाईला पाटावर बसवलं, पाय धुतले, हळदकुंकू लावलं. सखुबाई हिरवं लुगडं नेसून आली होती, नाकात नथ. कौशल्याच्या फोटोला हात जोडून म्हणाली, "अक्का, आज तुमच्या जागी मी. चुकलं माकलं पोटात घाला." मग आम्ही मॉलला गेलो.

हणमंत खुर्चीत बसताच टेबलावरचा मक्याचा पापड उचलून बघायला लागला. "साहेब, हे काय म्हणायचं?"

"नाचो," पूर्वीनं सांगितलं.

"नाचो? मग बसून खाल्लं तर चालंल ना?"

सखुबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "गप बसा. आजचा दिवस काय, बोलताय काय."

"अगं, वहिनी असत्या तर त्याच पहिल्या हसल्या असत्या."

ते खरं होतं. पूर्वीही हसली. किती दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

ताट आलं. मी पहिला घास घ्यायला सखुबाईला सांगितलं. तिनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, भाकरी मोडली, ठेचा लावला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"भावजी," ती म्हणाली, "हा तर आपला पाट्यावरचा ठेचा. आणि भाकरी मक्याची. अक्का एवढ्या लांब येऊन हेच खात होत्या व्हय?"

"हेच."

"मग बरोबर आहे." आणि ती जेवायला लागली. चांगली, मन लावून. तापलेली ताटली आली तेव्हा ती दचकली, मग वास घेऊन म्हणाली, "ह्यात लिंबू पिळू का?" मी म्हणालो, पिळा. मला वाटलं, झालं. पोचतंय. मी माझं जेवण बाजूला ठेवून तिच्याकडेच बघत होतो, आणि मधूनमधून मला तिथं सखुबाई दिसतच नव्हती.

तेवढ्यात दिवे मंद झाले. स्वयंपाकघराच्या दारातून टाळ्या वाजवत सगळे बाहेर आले, मॅनेजर पुढे. एकाच्या हातात डफलीसारखं काहीतरी, एकाच्या हातात आइस्क्रीम, त्यावर पेटलेली मेणबत्ती. ते सगळे आमच्या टेबलाभोवती उभे राहिले आणि मोठ्यानं गायला लागले. "हॅपी बर्थडे, कौशल्या आंटी." आमच्यात ताटावर बसलेली, मानाची, सजलेली बाई एकच होती. मॅनेजरनं मागून येऊन भिंतीवरची ती मोठी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली, पदरावरून, आणि नीट खाली दाबली. पलीकडच्या टेबलावरची दोन पोरंही टाळ्या वाजवायला लागली.

सखुबाईचा घास हातात तसाच राहिला. टोपीच्या सावलीत तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त नथ हलताना दिसत होती.

"बंद करो!" पूर्वी ओरडली. "प्लीज, बंद करो!"

गाणं मधेच तुटलं. पूर्वीनं टोपी काढली. तिच्याबरोबर सखुबाईच्या कपाळावरचं कुंकू थोडं फिसकटलं. ते सगळ्यांना दिसलं. हणमंतालाही.

"हे काय, साहेब?" तो हळू म्हणाला. एरवी त्याचा आवाज परेडचा.

मी सांगितलं. जन्मदिन म्हणालो होतो, कारण श्राद्धाला कोणी टेबल दिलं नसतं.

"मेलेल्या माणसाचा वाढदिवस? आणि माझ्या बायकोच्या डोक्यावर?" तो उभा राहिला. "साहेब, पुढच्या महिन्यात आमची पलटण वरती जातेय. काश्मीरला. तुम्हाला सांगणारच होतो. आणि आज हे?" मग तिच्याकडे वळून, "सखू, ऊठ."

सखुबाई उठली नाही.

"ऊठ म्हणतो ना."

"ताटावरनं कशी उठू?" तिनं ताटाची कड धरली. "आज मी बसलेय ती अक्काच्या जागी. उठले तर ती उपाशी राहील. आणि उपाशी राहिलेली मला सोडंल का? तुम्हाला सोडंल का?"

हणमंत खाली बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून टेबलाकडे बघत राहिला.

मग सखुबाई जेवली. डाव्या हाताच्या बोटानं तिनं कुंकू चाचपून सारखं केलं आणि ताट ओढून घेतलं. भाकरी, राजमा, ठेचा, ताटलीतली कोंबडी, सगळं. घास भरायची, चावायची, पाणी प्यायची, परत घास भरायची. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते ठेच्याचं नव्हतं. मी म्हणालो, "सखुबाई, पुरे. एवढं पोचलं." ती मान हलवून खातच राहिली. ताटात कण ठेवला नाही.

दिवे परत लागले होते. मॅनेजर माझ्या खुर्चीशी वाकून उभा राहिला. चेहरा उतरलेला. "अंकल, सराध था तो बताया क्यों नहीं? हमारे घर में भी करते हैं. कल ही दादी का किया है. मैं अलग से साफ बर्तन में बनवा देता, कोना खाली करवा देता."

त्या पोराची काही चूक नव्हती.

लिफ्टपाशी पूर्वीनं सखुबाईची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. सखुबाईनं पदर पसरून ते घेतलं, कारण ओटी नाकारत नाहीत. कौशल्याच्या फोटोला वाहून मी ओटीत ठेवलेली वेणी मात्र तिनं पूर्वीच्या हातात परत दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, पुढच्या वर्षी मला सांगू नका."

"सखुबाई, माझं चुकलं."

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, ते कळतंय मला. पण मला भ्या वाटतंय."

हणमंत म्हणाला, "येतो, साहेब." लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तो जमिनीकडे बघत होता.

आम्ही बापलेक टेबलाशी परत आलो. आइस्क्रीम वितळून ताटलीभर झालं होतं. पूर्वी म्हणाली, "आप्पा, आईचा वाढदिवस खरा कधी होता?"

"कुणालाच ठाऊक नव्हतं. दुष्काळाच्या साली जन्मलेली. पलटणीच्या कागदांवर मी एक जून लिहिलं होतं."

"म्हणजे कधी केलाच नाही तिचा?"

"नाही."

"मग आजचा पहिलाच." ती हसली नाही, रडलीही नाही. पर्स उचलून म्हणाली, "मला आज रात्रपाळी आहे. निघते."

माझं ताट तसंच होतं. मी ते खाल्लं. गार झालं होतं, तरी चांगलं होतं. मिरची तशीच जिभेला लागत होती. मला ते चांगलं लागलं ह्याचीच मला लाज वाटली, पण मी ते संपवलं.

हणमंतची पलटण वरती गेली. तो अजून तिकडंच आहे. सखुबाई पोरांना घेऊन गावी गेली. पूर्वीनं एकदोनदा फोन केला, तर ती तिच्याशी नीट बोलली. माझी चौकशी केली नाही. कँटोन्मेंटमधल्या जुन्या लोकांकडून मी हणमंतची खबर काढत असतो. पेपर आला की आधी काश्मीरची बातमी बघतो. काही असेल तर नावं वाचतो. नाव नसलं की पेपर ठेवतो.

त्याला काही झालं, तर सखुबाई काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. आणि मी तिला काही सांगू शकणार नाही.

फोटोशी बोलायची माझी सवय नव्हती. आता बोलतो. सकाळी कामावर जायच्या आधी उभा राहतो आणि म्हणतो, "कौशल्या, त्या पोरीनं रडत रडत तुझं ताट संपवलं. तू जेवलीस. आता तिच्या कुंकवाला हात लावू नकोस."

एवढं म्हणतो आणि मग स्वतःचाच राग येतो. हणमंत पहिल्यांदा वरती गेला होता तेव्हा त्याच्यासाठी शनिवारचा उपास कौशल्यानंच धरला होता, आणि तो परत येईपर्यंत मोडला नव्हता. तिला अशी विनवणी करायची वेळ मीच आणली. दाराला कुलूप लावताना रोज हेच मनात येतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत तेच म्हणतो.